फॅमिली फोटोचा खर्च झेपत नसेल तर घरीच असा काढा

आमच्या आजीचा शेवटचा नीट फोटो म्हणजे कुठल्याशा फॉर्मवर चिकटवायला काढलेला पासपोर्ट साइजचा फोटो. ती गेल्यावर सगळ्यांचे फोन चाळले, जुने अल्बम काढले, पण आजी आणि आम्ही सगळी भावंडं, काका, आत्या असा एकत्र फोटो एकसुद्धा सापडला नाही. कोणाच्या मनात नव्हतं असं नाही. दरवर्षी ठरायचं की या वेळी स्टुडिओत जाऊन सगळ्यांचा एक मस्त फोटो काढून घेऊया, मग कोणीतरी फोन करून रेट विचारायचं, आकडा ऐकून सगळे गप्प व्हायचे आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा. त्यानंतर मी हट्टाने फोटो काढायला शिकले आणि आता बरीच वर्षं झाली, माहेरचे, सासरचे, मैत्रिणींच्या घरचे फॅमिली फोटो मीच काढते, तेही फोनवर. त्यात जे जे कळलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण निव्वळ पैशापायी एखाद्या घरातला फोटो राहून गेला की मला फार वाईट वाटतं.

आधी पैसे कशाचे लागतात ते बघू

फोटोग्राफर लुटतात असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. आपल्याला दिसतो तो एक तास, पण त्याच्या मागे शेकडो फोटोंमधून निवड करणं, प्रत्येक फोटोचा रंग-उजेड सारखा करणं, कॅमेरा, लेन्स, लाइट, जागेचं भाडं, प्रवास, सॉफ्टवेअर, फोटो सांभाळून ठेवायच्या डिस्क आणि ऐन वेळी बुकिंग रद्द करणारी माणसं, हे सगळं असतं. तो खर्च खरा आहे.

पण खर्च कुठे लपलेला असतो तेही माहीत पाहिजे. आम्ही एकदा एका स्टुडिओत गेलो होतो, फोटो काढायची फी अगदी कमी सांगितली म्हणून खूष होऊन गेलो. फोटो काढून झाल्यावर आम्हाला मोठ्या स्क्रीनवर सगळे फोटो दाखवले आणि मग कळलं की फी फक्त काढायची होती, एकेका फोटोच्या फाइलचे पैसे वेगळे, प्रिंटचे वेगळे, फ्रेमचे वेगळे, आणि त्या स्क्रीनवर आपलीच मुलं हसताना बघितल्यावर हे नको ते नको म्हणायला जीव होत नाही. ठरवलं होतं त्याच्या कितीतरी पट देऊन बाहेर पडलो. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘शूटचे किती घेता’ हा नाहीच, ‘सगळं मिळून माझ्या हातात काय येणार आणि त्याचे एकूण किती’ हा आहे. यावर शेवटी परत येते.

फोटो स्वस्त कसा करायचा हा प्रश्नही काही आजचा नाही. पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ मध्ये एकाच काचेच्या प्लेटवर आठ छोटे फोटो घ्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधी एका प्लेटवर एकच फोटो, म्हणजे सगळा खर्च त्या एकावर. आठ फोटो एका कागदावर छापून कापून पुठ्ठ्यावर चिकटवले की प्रत्येकाचा खर्च खाली आला आणि ज्यांना आधी फोटो परवडत नव्हता ती माणसंही स्टुडिओत जायला लागली. त्याने फोटोची क्वालिटी नाही कमी केली, खर्च कुठे होतो ते बघून तिथे हात घातला. आपणही तेच करायचं. उजेड, जागा, माणसं उभी करणं, निवड हे सगळं घरी जमतं. पैसे घालायचेच तर चांगल्या प्रिंटवर घाला.

नवीन कॅमेरा घेऊ नका. हे मी आधीच सांगून टाकते कारण बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. गेल्या काही वर्षांतला बऱ्यापैकी फोन आणि चांगला उजेड हे जोडीला आलं की भिंतीवर लावायचा फोटो निघतो, आणि वाईट उजेडात महागडा कॅमेरासुद्धा वाईटच फोटो देतो.

उजेड, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

शूटच्या आदल्या दिवशी घरभर एक चक्कर मारा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. कुठल्या खिडकीतून भरपूर उजेड येतो पण ऊन थेट आत येत नाही ते बघा. तीच तुमची जागा. ऊन थेट येत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा पांढरी चादर लावा, उजेड पसरतो आणि चेहऱ्यावरच्या कडक सावल्या जातात.

आता एक गोष्ट जी मला खूप उशिरा कळली. एकट्या माणसाला खिडकीच्या बाजूला बसवलं की फोटो फार सुंदर येतो, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा हलक्या सावलीत. म्हणून मी ग्रुपलाही तसंच बाजूला उभं करायचे, आणि प्रत्येक वेळी खिडकीजवळचा माणूस पांढराफटक आणि टोकाचा माणूस अंधारात. कारण खिडकीपासून लांब जाल तसा उजेड भराभर कमी होतो, आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही पण कॅमेऱ्याला लगेच जाणवतं. ग्रुप असेल तर सगळ्यांची तोंडं खिडकीकडे करा, रांग खिडकीला समांतर, म्हणजे प्रत्येकजण खिडकीपासून साधारण सारख्याच अंतरावर येतो, आणि तुम्ही खिडकीला पाठ करून फोटो काढा. तुमची सावली मध्ये येत असेल तर थोडं बाजूला सरका किंवा खाली बसा.

घरातले सगळे बल्ब आणि ट्यूब बंद करा. लोकांना वाटतं जितके दिवे तितका चांगला फोटो, पण दिवसाचा उजेड निळसर पांढरा असतो, साधारण ५५०० केल्विन (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग मोजायचं माप), आणि पिवळ्या बल्बचा उजेड ३००० केल्विनच्या आसपास. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू निळी आणि एक पिवळी येते, ते नंतर एडिटिंगमध्ये नीट होत नाही. शिवाय काही एलईडी दिवे डोळ्यांना दिसत नाही इतके भराभर लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात. फ्लॅश तर लावूच नका, फोनचा फ्लॅश समोरून सपाट मारा करतो, चेहरे चपटे दिसतात आणि मागच्या भिंतीवर काळ्या सावल्या पडतात.

एका बाजूला जास्तच अंधार वाटत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर, पांढरा कार्डबोर्ड, थर्माकोलची शीट, काहीही पांढरं आणि मोठं धरा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत चेहऱ्यावर येतो. स्टुडिओवाले रिफ्लेक्टर वापरतात तो हेच काम करतो. आणि डोळ्यांकडे बघा, बुबुळात खिडकीचा छोटा पांढरा ठिपका दिसला पाहिजे, तो दिसला की डोळे जिवंत वाटतात, नाही दिसला तर हनुवटी जरा वर किंवा चेहरा जरा खिडकीकडे वळवायला सांगा.

बाहेर काढायचा असेल तर भर दुपार सोडून द्या. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो आणि सगळे डोळे बारीक करतात. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताच्या आधीचा साधारण तासभर उजेड मऊ आणि सोनेरी असतो. ढगाळ दिवस मिळाला तर तो वाया गेला असं समजू नका, आख्खं आभाळच पडद्यासारखं काम करतं. मोठ्या बिल्डिंगच्या सावलीतही छान येतो, मात्र सावलीच्या कडेजवळ उभे राहा, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून. झाडाखाली जपून, पानांतून उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडतात, फोटोत ते डागांसारखे दिसतात. सूर्य पाठीमागे ठेवून काढलात तर केसांना छान चकाकती कड येते पण चेहरे काळे पडतात, तेव्हा स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवा आणि ब्राइटनेस थोडा वर सरकवा.

फोन कसा लावायचा

पहिलं काम, लेन्स पुसा. खिशात राहून बोटांचे ठसे लागलेले असतात आणि फोटो धुरकट येतो, मग लोक म्हणतात फोन जुना झाला. मऊ सुती कापडाने पुसा, बस.

सेल्फी कॅमेरा नको, मागचा मेन कॅमेरा वापरा. बहुतेक फोनमध्ये मागचाच कॅमेरा जास्त चांगला असतो. आणि सगळ्यांना फ्रेममध्ये बसवण्यासाठी अल्ट्रावाइड लेन्स अजिबात लावू नका, कडेला उभी असलेली माणसं ताणली जातात, बारीक माणूसही जाड दिसतो आणि मग ती व्यक्ती तो फोटो कधीच भिंतीवर लावू देत नाही. त्यापेक्षा तुम्ही मागे जा. मेन लेन्ससुद्धा वाइडच असते, म्हणून जवळ जाऊन काढलं की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. तीन-चार जण असतील तर दोन-तीन मीटर लांब उभे राहा, जास्त असतील तर अजून लांब, आणि फोनमध्ये वेगळी टू-एक्स किंवा टेलिफोटो लेन्स असेल आणि उजेड भरपूर असेल तर ती वापरा, चेहरे जास्त नैसर्गिक येतात. जागा कमी असेल तर फर्निचर हलवा, एका ताईंकडे आम्ही जेवणाचं टेबल पार बाल्कनीत नेऊन ठेवलं होतं तेव्हा कुठे आठ माणसं बसली.

पोर्ट्रेट मोड ग्रुपसाठी वापरू नका, हे माझं ठाम मत आहे. फोन अंदाजाने मागचं धूसर करतो आणि त्यात कोणाच्या चष्म्याची कड, कोणाचे सुटे केस, मागच्या रांगेतल्या माणसाचा कान असं काहीबाही धूसर होऊन जातं. स्क्रीनवर छोटं असताना कळत नाही, प्रिंट काढल्यावर कळतं.

ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा पडून आहे त्यांनी दोनच गोष्टी लक्षात ठेवा. ग्रुप असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ ५.६ ते एफ ८ च्या दरम्यान, कारण एफ १.८ वर पुढची रांग शार्प आणि मागची धूसर असा फोटो येतो. आणि शटर स्पीड, म्हणजे फोटो किती वेळात टिपला जातो तो, मोठ्या माणसांना निदान १/१२५ सेकंद, लहान मुलं असतील तर १/२५० किंवा त्याहून फास्ट. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही टिपायची कॅमेऱ्याची क्षमता, वाढवा, थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो मात्र कशानेच दुरुस्त होत नाही.

फोन हातात धरण्यापेक्षा ट्रायपॉडवर लावा. ट्रायपॉड नसेल तर स्टूल, त्यावर पुस्तकांची चळत आणि मागे एक जड डबा टेकवला तरी काम होतं, फक्त पडणार नाही याची खात्री करा. उंची सगळ्यांच्या डोळ्यांच्या पातळीला. उभ्या माणसांना खालून काढलं की हनुवट्या दिसतात, बसलेल्या मुलांना वरून काढलं की डोकी मोठी आणि पाय बारके दिसतात. मग स्क्रीनवर मधल्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो, म्हणजे प्रत्येक फोटोत उजेड बदलत नाही.

एक सवय लावून घ्या, चारी बाजूंना थोडी जागा मोकळी सोडून काढा. का ते प्रिंटच्या वेळी सांगते.

माणसं कशी बसवायची

शाळेच्या फोटोसारखी सगळ्यांना एका रांगेत ताठ उभी करू नका. डोकी एका सरळ रेषेत नकोत, कोणी खुर्चीवर, कोणी खुर्चीच्या हातावर टेकून, कोणी मागे उभं, मुलं पुढे खाली, असे वर-खाली चेहरे आले की नजर फोटोभर फिरते. मी नेहमी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात करते. आजी-आजोबांना आधी आरामात बसवायचं, पाठीला टेकू द्यायचा, आणि बाकीच्यांनी त्यांच्याभोवती जमायचं, कारण त्यांना उठ-बस करायला लावणं बरं नाही आणि मुळात बहुतेक वेळा फोटो त्यांच्यासाठीच असतो. कोणी व्हीलचेअरवर असेल तर त्यांना कडेला ठेवू नका, मध्ये घ्या आणि बाकीच्यांना बसवा, म्हणजे सगळे एका पातळीवर येतात.

मग जवळ सरका. अजून जवळ. लोकांना वाटतं आपण चिकटून उभे आहोत पण फोटोत मध्ये मोठी खिंडारं दिसतात. खांद्याला खांदा लागला पाहिजे, शरीर थोडं आतल्या बाजूला वळलेलं, वजन मागच्या पायावर. हातांचं काय करायचं हा सगळ्यांना पडणारा प्रश्न, तर हाताला काम द्या, कोणाच्या खांद्यावर, बाळाच्या पाठीवर, एकमेकांच्या हातात. नुसते लोंबकळणारे हात अवघडलेले दिसतात.

चष्म्यात खिडकी दिसत असेल तर चष्मा काढायला सांगू नका, रोज चष्मा लावणारा माणूस चष्म्याशिवाय वेगळाच दिसतो. चष्म्याच्या काड्या कानावर अगदी किंचित वर उचला, काचा थोड्या खाली झुकतात आणि रिफ्लेक्शन जातं, किंवा चेहरा थोडा वळवा.

भिंतीला चिकटून उभं राहू नका, एक-दीड मीटर पुढे या, सावली भिंतीवर पडत नाही आणि माणसं उठून दिसतात. मागे डोक्यातून खांब, पंखा, टीव्हीची वायर निघाल्यासारखं दिसत नाही ना तेवढं बघा. कपड्यांचं फार मनावर घेऊ नका, सगळ्यांनी एकाच रंगाचं घालायची तर मुळीच गरज नाही, दोन-तीन जुळणारे रंग ठरवा, मोठे लोगो आणि अगदी बारीक रेषांचे कपडे टाळा, कारण बारीक रेषा फोटोत लहरींसारख्या विचित्र दिसतात. इस्त्री मात्र करा.

टायमर, मुलं आणि मिटलेले डोळे

काढणाराही फोटोत हवा, नाहीतर वर्षानुवर्षं एक माणूस कायम गायब असतो, आणि बहुतेक घरांत ती आई असते. फोनच्या टायमरला १० सेकंद लावा. काही फोनमध्ये टायमर संपला की सलग बरेच फोटो निघतात, ते फार उपयोगाचं. ब्लूटूथचा छोटा रिमोट मिळाला तर अजून चांगलं, पळत जाऊन बसायची गडबड वाचते आणि चेहऱ्यावर ती धाप दिसत नाही. स्मार्टवॉच असेल तर बऱ्याच घड्याळांतूनही फोटो काढता येतो.

किती फोटो काढायचे? यावर चक्क गणित झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी हिशोब केला की ग्रुप फोटोत कोणाचेच डोळे मिटलेले नसावेत यासाठी किती फोटो काढावे लागतील, आणि त्याला २००६ चं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा गमतीचा पुरस्कार) मिळालं. २० पेक्षा कमी माणसं असतील तर सोपा नियम असा, चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने भागा आणि कमी उजेडात २ ने. म्हणजे १२ जण असतील तर चांगल्या उजेडात निदान ४ फोटो, कमी उजेडात ६. पण हा हिशोब फक्त डोळ्यांचा आहे, हसू, लक्ष, हललेला हात हे त्यात नाही, म्हणून मी प्रत्येक मांडणीचे वीसेक तरी काढतेच. फोटोला आता पैसे पडत नाहीत, परत सगळ्यांना एकत्र आणायला पडतात.

अजून एक युक्ती, ज्यांचे डोळे नेहमी मिटतात त्यांना सांगा की आधी डोळे बंद करा, मी एक-दोन-तीन म्हणेन, तीनला उघडा आणि बघा. उघडल्यावर दोन-तीन क्षण डोळे मिटत नाहीत, तेवढ्यात फोटो घ्या.

लहान मुलांसाठी वेळ त्यांची पकडा. झोप झालेली, पोट भरलेलं, त्यानंतरचा पहिला अर्धा तास. त्यात २० मिनिटंच मिळतात असं धरून चला, म्हणून मोठ्यांना आधी बसवून, उजेड-फोकस सगळं बघून झाल्यावर मुलांना शेवटी आत आणा. ‘हस, हस ना’ असं म्हटलं की दात दाखवलेले खोटे चेहरे येतात. त्यापेक्षा बाळाच्या कानात काहीतरी गुपित सांग म्हणावं ताईला, सगळ्यांनी आजोबांकडे बघा, आता सगळ्यांनी एकदम बाबांना मिठी मारा, आणि त्या सगळ्या वेळात फोटो काढत राहा. मूल रडायला लागलं तर थांबा, ओरडू नका, दहा मिनिटांनी परत या. मोठ्यांनी एक पथ्य पाळायचं, मुलाकडे वाकून बघत बसायचं नाही, आपण कॅमेऱ्याकडेच बघायचं, कारण बऱ्याचदा मूल छान बघत असतं आणि आई-बाबा त्याला सांगण्यात गुंतलेले असतात, फोटो तिथेच वाया जातो.

सगळ्यांचा झाला की लगेच पांगू देऊ नका. फक्त आजी-आजोबा, फक्त भावंडं, आजी आणि एकेक नातवंड, असे छोटे ग्रुप पाच-पाच मिनिटांत काढून घ्या. उजेड आहे, कपडे आहेत, माणसं आहेत. मला विचाराल तर ते सगळ्यांच्या ग्रुपपेक्षाही जवळचे फोटो असतात.

निवड आणि एडिटिंग

त्याच दिवशी निवडू नका, एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या स्क्रीनवर बघा, प्रत्येक चेहऱ्यावर झूम करून. फोन ट्रायपॉडवर होता आणि कोणी जागा सोडली नव्हती तर एका फोटोतला मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा दुसऱ्या फोटोतल्या चांगल्या चेहऱ्याने बदलता येतो, स्टुडिओवालेही हेच करतात. जिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन फोटो एकावर एक लेयर ठेवून तेवढा भाग पुसून खालचा दाखवता येतो, थोडा सराव लागतो पण जमतं.

बाकी एडिटिंग कमीत कमी. स्नॅपसीडमध्ये किंवा फोनच्याच एडिटरमध्ये फोटो सरळ करा, चेहऱ्यांचा उजेड थोडा वाढवा, रंग जास्त पिवळा-निळा असेल तर व्हाइट बॅलन्स नीट करा, झालं. ब्यूटी फिल्टर नको, सुरकुत्या पुसू नका, रंग गोरा करू नका. आजीच्या चेहऱ्यावरच्या रेषा पुसल्यात तर उरतो तो चेहरा आजीचा नसतो. एखादा पिंपल तेवढा काढा, तो आठवड्यात जाणारच होता.

प्रिंट, इथे मात्र पैसे घाला

चांगल्या प्रिंटसाठी एका इंचात ३०० पिक्सेल धरतात. ८ बाय १० इंचाला २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम सव्वासात मेगापिक्सेल, आणि १२ मेगापिक्सेलचा फोन साधारण ४००० बाय ३००० देतो. म्हणजे भरपूर झालं. भिंतीवरचा मोठा फोटो लांबून बघायचा असतो म्हणून तिथे इंचाला १५० पिक्सेलही चालतात, त्या हिशोबाने तोच २४०० बाय ३००० चा फोटो १६ बाय २० इंचापर्यंत जातो. मोठ्या फोटोला मोठा कॅमेराच लागतो हे खरं नाही.

आता ती मोकळी जागा. फोनचा फोटो ४:३ मापाचा असतो, ४ बाय ६ ची प्रिंट ३:२ मापाची आणि ८ बाय १० ची ५:४ मापाची, त्यामुळे प्रिंटला कुठेतरी कापावंच लागतं. अगदी कडेपर्यंत माणसं भरलेली असतील तर कोणाचा तरी खांदा जातो. क्रॉप तुम्ही स्वतः करून द्या, लॅबच्या मशीनवर सोडू नका.

फाइल लॅबला मेसेजिंग अ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो छोटा होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हमध्ये द्या. सेव्ह करताना कलर स्पेस (फाइलमध्ये रंग साठवायची पद्धत) एसआरजीबी ठेवा. आणि मोठी प्रिंट काढायच्या आधी ४ बाय ६ ची एक छोटी काढून बघा, कारण स्क्रीन स्वतः उजळत असते आणि कागद नाही, त्यामुळे प्रिंट नेहमी जरा काळी वाटते, तशी वाटली तर फोटो थोडा उजळ करून मग मोठी काढा. कागद मॅट (बिनचमकीचा) किंवा लस्टर (हलक्या चमकीचा) घ्या, ग्लॉसीवर समोरच्या खिडकीचं रिफ्लेक्शन पडतं. फ्रेममध्ये फोटो काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाला, नाहीतर दमट हवेत तो काचेला चिकटून बसतो आणि काढताना फाटतो. ऊन पडतं त्या भिंतीवर लावू नका, रंग उडतात.

तरीही फोटोग्राफरकडेच जायचं असेल तर

काही वेळा जावंसं वाटतं आणि ते बरोबरच आहे. नवजात बाळाला पोझ द्यायची असेल तर ते शिकलेल्या माणसाकडूनच, घरी प्रयोग नकोत. पन्नास माणसांचा गोतावळा असेल किंवा रात्री घरात काढायचा असेल तरीही त्यांचंच काम आहे.

मग खर्च कमी कसा करायचा? मिनी सेशन आहे का विचारा, १५ ते ३० मिनिटांचं, एकच जागा, एकच कपडे, मोजके फोटो, रेट बराच खाली येतो. सुट्टीच्या दिवसाऐवजी मधल्या वारी आणि गर्दीचा मोसम सोडून जा. दोन-तीन भावंडांच्या कुटुंबांनी मिळून एक-दोन तास बुक करा आणि वेळ वाटून घ्या. फोटोग्राफी शिकणाऱ्या किंवा नुकतंच काम सुरू केलेल्या मुलामुलींना कामाचे नमुने हवे असतात, त्यांचे आधीचे पूर्ण शूट बघायला मागा, निवडलेले दहा फोटो नाही, आणि पैसे द्या, फुकट मागू नका. अल्बम, फ्रेम, मग, कॅलेंडर नको म्हणा, एडिट केलेल्या मोजक्या फाइल घ्या आणि प्रिंट स्वतः काढा.

आणि हे सगळं लेखी घ्या, साध्या मेसेजमध्ये असलं तरी चालेल. किती एडिट केलेले फोटो मिळणार, पूर्ण साइजच्या फाइल मिळणार की छोट्या, आपण स्वतः प्रिंट काढू शकतो का, जास्त माणसं आली तर वेगळे पैसे का, फोटो कधी मिळणार, पाऊस आला किंवा मूल आजारी पडलं तर तारीख बदलता येते का, आणि आपले फोटो ते जाहिरातीला वापरणार का. हक्काचं तर आधीच विचारा, काही देशांत फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहतो, काही ठिकाणी पैसे देऊन काढून घेणाऱ्याकडे येतो, त्यामुळे प्रिंटची परवानगी लिहून घेतलेली बरी. वॉटरमार्कवाल्या सॅम्पलचे स्क्रीनशॉट काढून छापू नका मात्र, तो त्यांच्या पोटावर पाय आहे आणि प्रिंटही धड येत नाही.

फोटो झाल्यावर

मूळ फाइलच्या तीन कॉपी ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाच्या घरी हार्डडिस्कवर. फोन हरवला आणि सगळं गेलं असं रडणारी तीन घरं तर माझ्याच ओळखीत आहेत.

आणि फ्रेममध्ये घालायच्या आधी मागे नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे, तारीख आणि जागा. बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढून उमटतं. मऊ पेन्सिल घ्या, आणि प्लास्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल चालत नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून तो फ्रेमच्या मागे आतून ठेवा. आमच्या एका जुन्या फोटोत तरुण आजीच्या शेजारी तिच्या खांद्यावर हात ठेवून एक बाई उभी आहे, दोघी खूप हसतायत, आणि ती कोण हे सांगू शकेल असं घरात आता कोणी नाही. म्हणून आजकाल मी प्रिंट घेऊन आले की आधी पेन्सिल शोधते, मग फ्रेम.